एडिटर खाकरत नाही

११ फेब्रुवारी

भाऊजी,

खुशाली नंतर विचारते, आधी तक्रार ऐका. तुमच्या भावाचं खाकरणं बंद झालंय.

हे वाचून कुणाला वाटेल म्हातारी चळली. माणूस जाऊन वर्ष उलटलं आणि ही म्हणते खाकरत नाही. पण तुम्हाला तरी तसं वाटायला नको, कारण ते खाकरणं त्या कॉम्प्युटरात तुम्हीच भरून दिलंत. तीस वर्षं आम्ही दोघांनी छापखान्याची मुद्रितं तपासली. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, अगदी टिंब-स्वल्पविरामासकट, ह्यांनी समोर बसून छापलेल्या ओळीवर बोट फिरवायचं, आणि चूक आली की खाकरायचं. 'चूक' हा शब्द ह्यांनी कधी तोंडातून काढला नाही. नुसतं खाकरणं, की मी परत मागे.

ह्यांची छाती भरत चालली, बसवेना, तेव्हा तुम्ही सुट्टी काढून आलात आणि मी मजकूर टाइप करते त्या लिनक्सच्या एडिटरला ह्यांची शब्दांची यादी जोडलीत. यादीत नसलेला शब्द मी टाइप केला की ह्यांच्याच आवाजात खाकरायचं. मी एकटी पडले तरी काम चालावं, म्हणून ही व्यवस्था. रेकॉर्डिंग अकरा वेळा करावं लागलं, आठवतं ना? हुकमावर काही ह्यांना खाकरता येईना. शेवटी मी मुद्दाम एक ओळ चुकीची वाचली, हे खरोखरचे खाकरले, आणि तुम्ही बटण दाबलंत. खालच्या शिंप्याचं शिलाई मशीन तेव्हा चालू होतं, तेही त्यात आलं. तेव्हापासून शिंपी सुट्टीवर असला तरी आमच्या खोलीत अर्धा सेकंद मशीन चालतं.

तर हे बंद झालं. कधी, ते नक्की सांगता येत नाही, आणि त्याचं कारण सांगायला लाज वाटते. तुम्ही जानेवारीत सहा दिवस राहून गेलात, त्यानंतर दोन आठवडे मी एक जाडजूड पुस्तक टाइप केलं आणि एकदाही खाकरणं ऐकू आलं नाही. मला वाटलं, बाई, सुधारलीस. एकाही चुकीशिवाय तीनशे पानं. मी खूश होऊन दुपारी झोपसुद्धा काढायला लागले. काल चष्मा पुसताना कोपर पडलं आणि पडद्यावर नुसते 'कककककक' उमटले. आणि हे गप्प. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

पुस्तक तर छापखान्यात जाऊनही आठ दिवस झाले. काय करू ते कळवा. तुमच्या बेटावर दहा दिवसांनी एकदा बोट येते, तेव्हा उत्तराला उशीर होणार हे माहीत आहे. मी वाट बघते.

वहिनी

*

बेटावरून, २२ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र कालच्या बोटीने मिळालं. इथे सगळं नेहमीचं. सकाळी वाऱ्याचा वेग, दुपारी हवेचा दाब, संध्याकाळी दोन्ही. वारा एवढा की कप खिडकीत ठेवला तर शोधायला समुद्रात जावं लागेल.

इतक्या लांबून सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी क्रमाने जाऊ. आवाजाचा दोष शोधताना टोकापासून सुरुवात करायची. आधी स्पीकरची वायर. ती घट्ट असेल तर एखादं गाणं लावून बघा. गाणं वाजलं तर स्पीकर निर्दोष. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. तिथे दोन पट्ट्या दिसतील. एक सगळ्या आवाजाची, दुसरी फक्त सूचनांच्या आवाजाची. ही दुसरी शून्यावर सरकली असली की गाणी वाजतात आणि सूचना मुक्या होतात. बहुतेक लोक इथेच फसतात.

तिसरं, गेल्या महिन्याभरात कॉम्प्युटरने 'अपडेट करू का' असं विचारलं होतं का, आणि तुम्ही 'हो' म्हणालात का? तसं असेल तर तो आवाज त्यातच गेला असण्याची शक्यता आहे, आणि मग इथून फार काही करता येणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं? थेंब वेळच्या वेळी घालत जा.

बा.

*

४ मार्च

भाऊजी,

तुमचं सगळं करून झालं. वायर घट्ट. गाणं वाजलं, इतक्या जोरात की खालचा शिंपी वर बघायला आला. सूचनांची पट्टी शेवटापर्यंत भरलेली, तरी मी ती मागे घेऊन पुन्हा पुढे सरकवली. कचऱ्याच्या टोपलीत फाइल टाकली की कागद चुरगळल्याचा आवाज येतो, तोही आला. म्हणजे बाकी सगळे बोलतात, एडिटर तेवढा मुका. आणि अपडेटला मी कधीच हो म्हणत नाही. ह्यांनी सांगून ठेवलंय, कॉम्प्युटर आपणहून काही विचारायला लागला की समजावं त्याचा काहीतरी स्वार्थ आहे.

आता खरी गोष्ट. सोमवारी छापखान्याचे मालक जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते कधी पायरी चढत नाहीत, तेव्हा मी काय ते समजले. ते पुस्तक परिचारिकांसाठी आहे, कोणतं औषध किती द्यायचं त्याचं. माझ्या हातून गेलेल्या मजकुरात त्रेसष्ट चुका निघाल्या. एके ठिकाणी तर 'दोन चमचमे औषध'. ते हसले नाहीत, मीही नाही. म्हणाले, हे छापून गेलं असतं आणि कुणी भलतंच समजून भलतंच पाजलं असतं तर? साहेब असताना असं झालं नसतं. पंधरा एप्रिलपर्यंत सगळं पुस्तक नव्याने करून द्या, तेही चुकलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. त्यांचं चुकलं नाही. पण हे काम गेलं तर मी सकाळी उठून करायचं काय, ते मला कुणी सांगावं.

आणखी एक सांगते, कुणाला बोलू नका. आता मी मुद्दाम चुका करते. 'खुर्ची' लिहायचं तिथे भलतंच काहीतरी लिहिते आणि हात उचलून थांबते. ओळीच्या शेवटी थांबते. परवा जिन्यात कुणीतरी खाकरलं, मी प्रत टाकून धावले, तर विजेचं मीटर वाचणारा. बिचारा घाबरला. नळ सुटायच्या आधी पाइपातून आवाज येतो, तिथेही माझं लक्ष जातं. हे गेले तेव्हा घर असं रिकामं वाटलं नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी कामाला बसले आणि पहिल्याच पानावर खाकरणं आलं. आत्ता वाटतं.

लवकर काहीतरी सांगा. मला तो आवाज परत हवा आहे, कामासाठीही आणि नुसताही.

वहिनी

*

बेटावरून, १५ मार्च

वहिनी, नमस्कार.

त्रेसष्ट चुकांचं वाचून फार वाईट वाटलं. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून दोष एडिटर आणि आवाजाची यंत्रणा यांच्या मधल्या दुव्यात असावा. लिनक्समध्ये हा दुवा दर दोन-चार वर्षांनी बदलतात. तो इथून दुरुस्त होणं अवघड. मी एक सोपा उपाय पाठवतो. सोबतच्या कागदावरची आज्ञा अक्षरन् अक्षर टाइप करा. ती केली की यादीत नसलेला शब्द आला की 'टिंग' असा आवाज येईल. साधी घंटा. काम अडणार नाही, मालकांचं पुस्तक वेळेत होईल.

एक काळजी घ्या. एडिटरची सेटिंगची फाइल असते तिच्यात काही करू नका. उघडूही नका. एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तर एडिटर उघडणारच नाही.

आणि रागावू नका, पण एक बोलतो. तो आवाज रोज ऐकत बसणं तुमच्या तब्येतीला बरं नाही. मी सहा दिवस तिथे होतो. घरात माणूस नाही आणि आवाज आहे, हे फार अवघड आहे, वहिनी. आपसूक बंद पडला आहे तर पडू द्यावा. घंटेची सवय होईल.

बा.

*

२५ मार्च

भाऊजी,

तुमची टिंग लावली. अर्धा तास टिकली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. कुणीतरी उपरा दारावरची घंटा वाजवतोय आणि मी सारखी दार उघडायला उठतेय. तुमच्या कागदावरची आज्ञा उलटी करून मी ती काढून टाकली, आणि तुम्हाला न विचारता काढता आली, हे लक्षात ठेवा.

आता जरा स्पष्ट बोलते. मी मुद्रितशोधक आहे. लोक काय लिहितात यापेक्षा काय गाळतात ते मला आधी दिसतं. तुमची दोन पत्रं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोन्ही पत्रांत 'दादा' हा शब्द एकदाही नाही. सगळीकडे 'तो आवाज'. जन्मभर ज्याला दादा दादा करत हिंडलात, त्याचं नाव घ्यायला आत्ताच काय झालं?

दुसरं. मी सेटिंगच्या फाइलचं नाव काढलं नव्हतं. तुम्हीच काढलंत आणि तुम्हीच म्हणालात, उघडू नका. चोराच्या मनात चांदणं असं मी म्हणत नाही, तुम्ही माझ्या मुलासारखे. पण मला 'हे वाचू नका' म्हणणं म्हणजे शिंप्याला सुई लपवून ठेवायला सांगणं.

तुमच्या भावाचा पडद्यावर विश्वास नव्हता. तुम्ही ती फाइल तयार केलीत तेव्हा ह्यांनी तिची छापील प्रत काढून घेतली होती. दोनशे बारा ओळी. एक अक्षर समजत नसताना पलंगावर पडून सगळी वाचली, आणि शेवटी 'वाचलं' लिहून सही केली. ती प्रत कपाटात आहे. डोळ्यांत थेंब घातलेत, उद्या उतरतील, मग परवापासून मी ती पडद्याशी ताडून बघणार. मूळ प्रत डावीकडे, पडदा उजवीकडे, जसं आयुष्यभर केलं तसं.

आवाज माझ्या तब्येतीला बरा नाही म्हणता. आजारपणात हे रोज सकाळी विचारायचे, बोट कधी आहे. मी सांगायचे, अजून चार दिवस. मग तुमचं पत्र आलं की रजा मिळाली नाही, आणि मला ते ह्यांना वाचून दाखवावं लागलं. मी तेही मोठ्याने वाचलं, सवयीने. ह्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे वळले. त्यात बिचाऱ्या तुमचा काय दोष, नोकरी ती नोकरी. पण त्या दिवसानंतर माझ्या कानांना जे काही मिळालं आहे ते एवढंच आहे. ते मला पडू द्यायचं नाही.

वहिनी

*

बेटावरून, ४ एप्रिल

वहिनी,

एडिटर बिघडलेला नाही. त्याचा आवाज मी बंद केला.

हे वाक्य लिहायला मला अडीच महिने लागले, आता बाकीचं एका दमात लिहितो, उद्या बोट आहे.

एकोणीस जानेवारी, दुपार. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला होता. मी दादाच्या खोलीत होतो. टेबल पुसलं, पुस्तकं लावली, मग काही सुचेना म्हणून एडिटर उघडून दादाला पत्र लिहायला बसलो. माणूस गेल्यावर त्याला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही हे मलाही समजतं, पण त्याच्याशी समोरासमोर बोलायची सोय मीच घालवून बसलो होतो. पहिली ओळ लिहिली. 'दादा, मला रजा मिळाली नाही, नाहीतर मी आलो असतो.'

दादा खाकरला.

मागे शिलाई मशीन. मी खिडकीतून वाकून पाहिलं, शिंप्याचं दुकान बंद होतं. मला माहीत होतं की बंद असणार. ते मशीन मीच रेकॉर्ड केलं आहे, ती सगळी व्यवस्था मीच केली आहे. कुठल्या कळीने काय होतं ते मला तोंडपाठ आहे. मी ओळ पुसली, सावकाश एकेक अक्षर बघत पुन्हा लिहिली. पुन्हा खाकरला. तिसऱ्यांदा मी नुसतं 'मला रजा मिळाली नाही' एवढंच लिहिलं. तरी खाकरला.

चुकलं असेल अक्षर. शहाणा माणूस असंच म्हणेल. तीनदा चुकलं असेल.

वहिनी, रजा मिळाली होती. अर्ज केला त्याच दिवशी मंजूर झाली. बॅग भरून मी धक्क्यापर्यंत गेलो होतो. बोट चाळीस मिनिटं उभी होती. मी उपकरणांच्या खोलीत परत आलो आणि तिथल्या खिडकीतून बोट जाईपर्यंत बघत राहिलो. मला त्याला तसं बघायचं नव्हतं. ज्याने मला सायकल शिकवताना मैलभर मागे पळत सीट धरली, त्याला श्वासासाठी धडपडताना बघायचं नव्हतं. एवढंच कारण, याहून मोठं काही नाही. मग मी तुम्हाला रजेचं खोटं लिहिलं, आणि ते तुम्ही त्याला वाचून दाखवलंत हे मला तुमच्या मागच्या पत्रापर्यंत माहीत नव्हतं. ती ओळ वाचून मी जेवलो नाही.

त्या दुपारी मी सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन सूचनेचा आवाज बंद केला. रेकॉर्डिंग पुसणार होतो, हात धजला नाही. ते जागच्या जागी आहे. साधारण मधे, एकशे चाळिसाव्या ओळीच्या आसपास, माझी भर आहे. ती काढून टाका, एडिटर बंद करून पुन्हा उघडा, तो खाकरायला लागेल.

तुमच्या हातून त्रेसष्ट चुका झाल्या नाहीत. त्या माझ्या आहेत. मालकांना हवं तर तसं पत्र लिहितो.

मी स्वतःला समजावत आलो आहे की आलो असतो तरी काय फरक पडला असता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. शेवटचे चार दिवस तो शुद्धीवर नव्हता असं तुम्हीच कळवलं होतंत. आलो असतो तरी त्याला ते समजलं नसतं.

तुम्ही काय म्हणाल ते मला चालेल. काही म्हणाला नाहीत तरी चालेल.

बारक्या

*

५ एप्रिल

भाऊजी,

थोडक्यात लिहिते.

आठ दिवस ताडून बघतेय. रोज सतरा-अठरा ओळी, मोठ्याने, 'कंस सुरू, कंस बंद, बरोबरचं चिन्ह' असं सगळं म्हणत. पुस्तकाचं टायपिंग झाल्यावर डोळे त्याहून जास्त चालत नाहीत. एकशे एकोणचाळीस ओळींपर्यंत मूळ आणि पडदा तंतोतंत. त्यापुढे पडद्यावर दोन ओळी जास्त. पहिली अशी:

'बदल: १९ जाने. सूचनेचा आवाज बंद केला. बा.'

तुमच्या हवामान केंद्रावर उपकरणाला हात लावला की तारीख आणि सही टाकायचा नियम आहे, तुम्हीच सांगितलं होतं. चोरी करतानाही नियम मोडला नाहीत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला जन्मात सापडलं नसतं.

दोन्ही ओळी काढल्या. एडिटर बंद केला, उघडला. 'दोन चमचमे' असं लिहिलं.

हे खाकरले. मागे मशीन चालू झालं आणि थांबलं. मी उठून पाणी प्यायले, खिडकी लावली, आणि परत येऊन आणखी दहा-बारा वेळा तेच लिहिलं.

का केलंत, एवढंच कळवा. खाई त्याला खवखवे म्हणतात. तुम्हाला महिनाभर खवखवत होतं, दिसत होतं मला. पण काय खाल्लंत ते समजत नाही.

वहिनी

*

१७ एप्रिल

भाऊजी,

माझं पत्र तिकडे निघालं आणि तुमचं इकडे. वाटेत कुठेतरी समुद्रात एकमेकांशेजारून गेली असतील.

आधी कामाचं. परिचारिकांचं पुस्तक चौदा तारखेला दिलं, एक दिवस आधी. मालकांना दोन चुका सापडल्या, आणि दोन्ही त्यांच्या मूळ प्रतीतल्या. पुढचं पुस्तक देऊन गेले, स्वतः जिना चढून. तेव्हा मालकांना पत्रबित्र लिहू नका.

आता तुमचं पत्र. ते हातात धरून वाचवेना, म्हणून मी नेहमीची युक्ती केली. डावीकडे ठेवलं आणि कामाचा मजकूर असल्यासारखं मोठ्याने वाचत टाइप करत गेले. हात चालू असले की मला बाकीचं सोसतं. सगळ्या पत्रात हे दोनदा खाकरले. दोन्ही वेळा माझाच हात घसरला होता. 'रजा मिळाली होती' इथे काही नाही. लगेच ह्यांनी माफ केलं असं समजू नका. तुमचं ते खोटं वाक्यही मी टाइप करून पाहिलं, 'मला रजा मिळाली नाही', चार वेळा. तिथेही काही नाही. यादीत 'रजा' आहे, 'मिळाली' आहे, 'नाही' आहे. सगळे शब्द शुद्ध. यंत्राला शब्द समजतो, वाक्य समजत नाही. त्या दुपारी तुमची बोटंच चुकली असतील. तीनदा कशी चुकली ते मला विचारू नका, मी रोज त्या खोलीत बसते.

शेवटी तुमचं ते वाक्य आलं, 'आलो असतो तरी त्याला ते समजलं नसतं.' टाइप केलं. एडिटर गप्प. खालचा शिंपी गप्प. मग मीच खाकरले. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते वाक्य चूक आहे, भाऊजी, आणि ते चूक असल्याचं माहीत असलेलं जगात मी एकटीच माणूस आहे.

हे शेवटपर्यंत शुद्धीवर होते. शुद्ध नव्हती असं मी तुम्हाला लिहिलं ते खोटं. तुम्हाला रजा मिळाली नाही, त्यात आणखी हे कशाला, बेटावर एकटा पोरगा रात्रंदिवस मनात जळत राहील, असं वाटलं मला. तुम्ही मला खोटं लिहिलंत आणि मी तुम्हाला, आणि दोघांनाही वाटलं आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

शेवटच्या दिवशी सकाळी ह्यांना चांगली जाग होती. थोडं पाणी घेतलं, माझ्या केसांत दोरा अडकला होता तो काढला. दुपारी दिसेनासं झालं. पडदे ओढलेत का, विचारलं, आणि मी 'हो' म्हटलं. मग हाक मारली, 'बारक्या.' मी म्हटलं, ते नाहीत, मी आहे. तर हे चिडले, तू नको, बारक्याला बोलाव. पुन्हा हाक. हाक कसली, नुसता श्वास, पण मी तीस वर्षं तो आवाज ऐकलाय, मला समजायचं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मला ते बघवेना. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले, आवाज जाड केला, आणि म्हटलं, 'ओ.'

हे म्हणाले, 'आलास?'

मी म्हटलं, 'आलो.'

ह्यांनी हात पुढे केला, मी तुमच्यासारखा घट्ट धरला. नंतर तासाभराने गेले. जन्मभर माझी एकेक चूक पकडणारा माणूस, एवढी मोठी चूक कानावर पडली आणि खाकरला नाही. समजलं नसेल, की समजूनही सोडून दिलं असेल, याचा विचार करत मी वर्ष काढलं. म्हणून मला तो आवाज हवा होता. तुम्हाला वाटलं मी आठवणीसाठी रडते. मी त्या खोलीत बसून रोज वाट बघते की कधीतरी त्या एका चुकीसाठीही खाकरणं येईल, आणि मग मी सुटेन.

मी तुमच्यावर रागावले आहे. ते लपवत नाही. राग जाईल तेव्हा जाईल, त्याला बोटीचं वेळापत्रक नाही. पण त्या दिवशी दिलेली ओ माझी नव्हती, भाऊजी. ती तुमची होती, मी ती उसनी घेतली, आणि ती बाळगणं आता मला झेपत नाही. पुढच्या बोटीने या. खोलीत जा, पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला उभे राहा, आणि तुमच्या आवाजात एकदा ओ द्या. मी बाहेर थांबेन.

वहिनी